सरांचं गाव नव्या ऑफिसात

भूकंप झाला त्या पहाटे सर आणि काकू लातूरला होते. आदल्या दिवशी काकूंची दाढ काढली होती, आणि उशीर झाला म्हणून दोघं सरांच्या भावाकडे मुक्कामाला राहिले. त्यांची लेक मुक्ता गावात आजीजवळ होती. सकाळी ते गावाकडे निघाले. गाव पडलं होतं. आजी गेली होती. मुक्ता गेली होती. मुक्ता चार वर्षांची होती.

हे मला सरांनीच सांगितलं. मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा, बसल्या बसल्या. आधी भाडं, मग पाण्याची वेळ, मग हे. आवाज तिन्ही गोष्टींना एकच. वर म्हणाले, "उद्या गल्लीत कुणाकडून ऐकायचं आणि मग आमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायचं, त्यापेक्षा आत्ताच ऐकून घ्या. नळ सकाळी येतो."

मी नांदेडची. लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागले होते. सगळे मला मॅडम म्हणत, सर मात्र 'ग्रंथपाल' अशीच हाक मारत, जणू ते माझं पाळण्यातलं नाव होतं. "ग्रंथपाल, सुशीला केलाय, या." मुरमुऱ्यांचा सुशीला लातूरला सगळ्याच घरी होतो, पण सरांकडे तो वाढताना सर त्यातले शेंगदाणे सगळ्यांना सारखे येतील असे बघत. गणिताचा माणूस.

भूकंपाआधी ते गावातल्याच शाळेत गणित शिकवत. नंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली, पण सरांना हजेरी घेता येईना. नाव वाचायचं आणि थांबायचं, हे काम त्यांना जमेना. त्यांनी नोकरी सोडली, लातूरला हे छोटं घर घेतलं, एक संगणक आणला आणि शिकवणी वर्गांसाठी प्रश्नपत्रिका तयार करून द्यायला लागले.

लातूरला तेव्हा वर्गांचा पूर आला होता. आमच्या गल्लीत ज्या घराला दोन खोल्या जास्त, त्या घराचं वसतिगृह झालं होतं. ज्या बाईच्या हाताला चव, तिची खानावळ झाली होती. देगलूरपासून हदगावपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरत. त्या सगळ्यांना सोडवायला गणितं लागत आणि ती गणितं सर आमच्या ढेलजेत बसून करत.

ढेलजेत म्हणजे अगदी दारातच. संगणक त्यांनी दवाखान्यात औषधांची असते तसल्या चाकांच्या लोखंडी गाडीवर ठेवला होता. पाठीमागे विहिरीच्या दोरासारखी लांब वायर. कपाटावर स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचलेले आणि त्यांच्यावर पितळी तांब्या. जमीन हलली की तांब्या पडणार, तांब्या पडला की सर गाडी ढकलत अंगणात. नव्या वसतिगृहांसाठी खडी घेऊन ट्रक गल्लीतून गेला तरी तांब्या पडे. मग "बाहेर या! ग्रंथपाल, बाहेर!" असा पुकारा होई आणि आम्ही तिघं अंगणात उभे राहत असू. संगणक चालू, छापणी यंत्रातून कागद येतच असत, समोरच्या वसतिगृहातली पोरं गच्चीवरून टाळ्या वाजवत.

"ट्रक होता," काकू म्हणत.

"आज ट्रक होता," सर म्हणत.

सरांच्या गणितांत सगळी माणसं त्यांच्या गावची होती. ही काही लपवलेली गोष्ट नव्हती, कोणीही विचारलं की सांगत. विहीर खणणारा केरबा, शेळ्या वाटून घेणारे बसलिंगप्पाचे भाऊ, कापड मोजणारे हुसेनचाचा, पाणी भरणारी सुगलाआजी. सगळे भूकंपात गेलेले. आणि बोरं वाटणारी मुक्ता. तिच्याकडे नेहमी काहीतरी असे आणि ते ती नेहमी वाटून टाकत असे. बाकी किती उरली, हा प्रश्न.

गाव त्यांनी गणितात उतरवलं होतं, पण गावाच्या स्वभावाला धरून. पुस्तकातल्या गणितात हौदाला एक नळ पाणी भरतो आणि खालचं भोक पाणी सोडतं. सर तसलं गणित देत नसत. "आमच्या गावात असला येडा न्हवता. भोक दिसलं तर केरबा आधी ते बुजवंल, मग भरंल." म्हणून त्यांच्या हौदाच्या गणितात पहिल्याच वाक्यात केरबा भोक बुजवायचा आणि गणित इतकं सोपं व्हायचं की वर्गाचे संचालक डोक्याला हात लावायचे. आगगाडीची गणितंही नव्हती. "गावात रेल्वे न्हवती, तर ती पूल कसा ओलांडंल?" फार आग्रह झाला तेव्हा त्यांनी एक गणित दिलं: हुसेनचाचा रेल्वेनं नांदेडला निघाले आहेत. गाडीची लांबी, वेग, पुलाची लांबी सगळं दिलं होतं. शेवटी हुसेनचाचांना भीती वाटली का, असाही उपप्रश्न होता. त्याला गुण नव्हते.

एकदा वर्गातली एक मुलगी शंका घेऊन घरी आली. दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातलं गणित होतं.

"सर, ए आणि बी मिळून एक काम सहा दिवसांत..."

"ए कोण?"

"ए म्हणजे... ए, सर."

"बाई का बाप्या?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं.

"कोण काम करायलंय तेच माहीत न्हाई, तर किती दिवसांत करंल ते काय सांगू?" सर म्हणाले. मग दोन मिनिटांत गणित सोडवून दिलं आणि वर म्हणाले, "आलं बरं का उत्तर. पण विश्वास न्हाई माझा."

त्या संचालकांनीच एक दिवस विषय काढला. ते सरांचे जुने विद्यार्थी, दोन खोल्यांच्या वर्गावरून तीन मजली इमारतीपर्यंत गेलेले, तरी घरात शिरताना चप्पल उंबऱ्याबाहेरच काढणारे.

"सर, आमच्या सगळ्या मशीनवर टायपिंगचं ते नवं ऑफिस टाकलंय. तुमची फाईल उघडली की ओळी सरकायल्यात, आकडे एकमेकांवर चढायलेत. तुमी बी नवंच टाका. जूनच्या आत. न्हाईतर मला प्रश्नांचा तयार संच बाहेरून घ्यावा लागंल."

"टाकू."

"आन् टाकायलाच लागलाव तर एक करा. नावं काढा. ए, बी, सी. प्रश्नामागं पोरांचे दोन-तीन सेकंद वाचतेत."

"वाचवून काय करणार हायत?"

"पुढचा प्रश्न, सर."

"त्यात बी माणूसच असंल की."

संचालक हसले, पण जाताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी सांगून बघा. बाहेरचा संच आला तर हे सगळं बंदच व्हईल." म्हणजे काय बंद होईल, ते त्यांनाही कळत होतं. केरबा, हुसेनचाचा, सुगलाआजी, मुक्ता, सगळेच.

रफिकभाई संगणक दुरुस्त करत. त्यांचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील रेडिओ. ते नव्या ऑफिसची तबकडी, म्हणजे सीडी, घेऊन आले, गाडीसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "सर, पहिले पुरानावाला निकालना पडता."

"न्हाई. आधी नवं उभं करा. मग जुनं पाडू."

"दोनों साथ में नै रैते सर. लडते."

"मग मधल्या वेळात माणसांनी कुठं राहायचं?"

रफिकभाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला. जुनं गाव पडल्यावर नवं गाव बांधून होईपर्यंत सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले होते, उन्हाळ्यात तापायचे आणि पावसाळ्यात बोलता यायचं नाही इतका पत्रा वाजायचा. सरांनी तेव्हापासून नियमच केला होता. जुना झाडूसुद्धा नवा आणल्याशिवाय टाकायचा नाही. घरात त्यामुळे दोन झाडू, दोन चाळण्या, दोन कंदील आणि एक बिघडलेला नि एक चालू असे दोन पंखे होते.

"सर, पंधरा मिनट की तो बात है," रफिकभाई म्हणाले.

"शेडचं बी असंच सांगितलं होतं."

शेवटी रफिकभाईंनी पडद्यावर एक साधी पांढरी खिडकी उघडली. ना रंग, ना अक्षरांचे प्रकार, नुसतं लिहायचं. "ये लो सर. ये ऑफिस का नै है, ये मशीन का खुद का है. ये कब्बी जाता नै. इसकू शेड समझो."

सरांना ते पटलं. जुनं ऑफिस निघत होतं, हिरवी पट्टी सरकत होती आणि सर त्या पांढऱ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत एका बोटानं एकेक नाव टाइप करत होते, कारण मराठी अक्षरं जुन्या ऑफिसबरोबर आलेली होती आणि त्याच्याबरोबरच निघाली होती. केरबा, बसलिंगप्पा, सुगलाआजी. कुटुंबवार. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शेडमध्ये घेतलाव व्हय सगळ्यांना? चहा किती टाकू मग?"

नवं ऑफिस उभं राहिलं. सरांनी चष्मा पुसला आणि फाईलचा रकाना शोधला. तो नव्हता. छापायचं बटन नव्हतं. कोपऱ्यात एक गोल चकती होती, तिच्यात बरंच काही दडलेलं होतं. वर पट्टीवर सगळी बटनं नव्यानं, सारख्या अंतरावर मांडलेली.

"हे आमच्या नव्या गावासारखंच हाय," सर म्हणाले. "सगळं हाय, पण जिथं होतं तिथं काहीच न्हाई." आणि मग हसत सांगू लागले. नवं गाव झालं तेव्हा सरळ रस्ते आणि एकसारखी घरं होती, त्यामुळे त्यांचे चुलते पहिल्या आठवड्यात रोज दुसऱ्याच्या घरात शिरायचे. त्या घरची सून काही न बोलता त्यांना पाणी द्यायची. पाणी पिऊन झालं की म्हणायची, "आता पलीकडच्या गल्लीत जावा, मामा."

रफिकभाईंनी तबकडीवर काढून ठेवलेल्या जुन्या फायली उघडल्या. आकडे जागेवर होते. मराठी मात्र गेलं होतं. केरबाच्या जागी एक डॉलरचं चिन्ह, एक तिरकी रेघ आणि दोन अक्षरं होती. ती चार चिन्हं मिळून विहीर खणत होती. जुनी अक्षरं परत टाकायची तर त्यांची फ्लॉपी लागणार, आणि फ्लॉपीला बुरशी लागलेली.

मला वाटलं, सर खचतील. त्यांनी नुसतं विचारलं, "ग्रंथपाल, तुम्हाला नव्या पद्धतीचं मराठी टाइप करता येतं न्हवं?"

ग्रंथालयातून आले की मी गाडीसमोर बसायची आणि सर खुर्चीत मागे रेलून सांगायचे. सगळी गणितं त्यांना पाठ होती. शेळ्या, कापड, विहिरी भराभर झाल्या. वयांची गणितं आली आणि सर अडले.

"केरबाचं आजचं वय मुलाच्या..." म्हणाले, आणि थांबले. "थांबा. हे जुन्या ऑफिसातलं वय झालं."

"म्हणजे?"

"आता केरबा मोठा नको का व्हायला? त्याला तसाच ठेवला तर तो माझ्याच वयाचा व्हईल. मी त्याला काका म्हणायचो. पुढच्या वर्षी मी त्याच्याहून मोठा. मग तो मला काका म्हणणार?"

त्या दिवसापासून गावाची वयं वाढायला लागली. वय वाढलं की पट बदलायचे आणि पट बदलले की उत्तर अपूर्णांकात यायचं. मग सर कागद घेऊन बसायचे आणि माणसाचं वय पूर्णांकात येईल असं नवं गणित जुळवायचे. काकू भाजी निवडत मध्ये मध्ये बोलायच्या.

"सुगलाआजीला आता विहिरीवर पाठवू नका. नव्वदीच्या पुढं गेली ती."

"मग पाणी कोण भरंल?"

"नातसून आणा."

"नातू बी गेलता की भूकंपात."

"गेला तर गेला. लगीन तर झालं असतं न्हवं आतापर्यंत?"

सरांनी नातसून आणली. पण हुसेनचाचांवरून दोघांचं भांडण झालं. काकूंचं म्हणणं, चाचांना दमा होता, ते आतापर्यंत एरवीही गेलेच असते. सरांना ते मान्य होईना. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. हुसेनचाचा आता कापड मोजत नाहीत, दुकानासमोर सावलीला बसतात, मोजतो मुलगा. चाचांनी फक्त मुलाची चूक काढायची.

मग मुक्ताचं गणित आलं. ते सरांच्या सगळ्यात जुन्या गणितांपैकी होतं. आईचे वय मुक्ताच्या वयाच्या सातपट आहे. चार वर्षांनी ते चौपट होईल. तर मुक्ताचे वय किती? उत्तर चार.

"हे तसंच घ्या," सर म्हणाले.

मी टाइप करायला लागले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्या गावाला मोठं केलाव. माझ्याच लेकीला बारकी ठेवायलाव व्हय?"

सरांनी पडद्यावरचं गणित पुन्हा वाचलं.

"आन् मला बी अठ्ठावीसचीच ठेवणार? हे गुडघे कुणाचे मग?"

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. सरांनी कागद ओढला. बऱ्याच वेळानं त्यांनी नवं गणित सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं टाइप केलं. आईचे वय मुक्ताच्या वयाच्या दुपटीहून सहाने जास्त आहे. सहा वर्षांनी ते बरोबर दुप्पट होईल. तर मुक्ताचे वय किती?

संच तबकडीवर गेला. आठवड्यानं संचालक स्वतः आले, चप्पल काढून आत आले आणि खुशीत म्हणाले, "सर, नावांसकट घेतला. पोरंच इचारायलीत, केरबाची विहीर झाली का म्हणून. पण सर, एक सांगू का? तुमची चूक सापडली. आयुष्यातली पहिली!"

"कुठली?"

"मुक्ताचं गणित. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतेत, सर. त्याला उत्तरच न्हाई. म्हणजे कुठलंबी चालतंय. पोरगी चार वर्षांची धरा, चाळीसची धरा, जुळतंय. तेवढं एक गाळून टाकू का?"

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी संचालकांच्या हातात दिला नाही, खाली ठेवला.

"उद्यापर्यंत थांब," सर म्हणाले.

संचालक गेल्यावर सर गाडीसमोर बसून राहिले. काकू निवडायची भाजी घेऊन भिंतीला टेकून बसल्या. मी उठून जावं की बसावं, हे मला ठरवता येईना, म्हणून मी बसले.

"तुमची चूक न्हाई ती," काकू म्हणाल्या. "तुमी मुद्दाम केलाव."

"मुद्दाम न्हाई." सर पडद्याकडेच बघत होते. "पुढचं काहीबी लिहिता येतंय. सहा वर्षांनी असं व्हईल, धा वर्षांनी तसं व्हईल. ह्या गणिताचं उत्तर पक्कं यायचं तर मागचं लिहावं लागतंय."

"मग लिहा मागचं."

"काय लिहू? सहा वर्षांमागं तुझं वय तिच्या तिप्पट होतं, असं?"

"व्हय. मी छत्तीसची होते. ती बारा."

"बारा वर्षांची कुठं होती ती?"

काकूंनी निवडलेली भाजी पदरातून ताटात झटकली.

"होती की. माझ्याजवळ होती. तुमी तवा पेपर टाइप करायलावता."

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग त्यांनी मला उठायला सांगितलं आणि स्वतः टाइप करायला बसले. नव्या पद्धतीचं मराठी त्यांना येत नव्हतं. 'मुक्ता'मधला 'क्त' त्यांना कुठं सापडेना. मी जागा दाखवायला हात पुढं केला, तर म्हणाले, "राहू द्या, ग्रंथपाल. सापडंल."

सापडला. दुसरं वाक्य त्यांनी पुसलं आणि तिथं नवं लिहिलं. सहा वर्षांपूर्वी ते तिप्पट होते. कागदावर सोडवून बघितलं, मग काकूंना दाखवलं. काकूंनी कागद वाचला आणि चहा ठेवायला गेल्या.

सर मागच्या वर्षी गेले. लातूरचं घर आता एका वसतिगृहाला दिलं आहे. काकू नांदेडला त्यांच्या बहिणीकडे असतात आणि मी नांदेडलाच बदलून आले असल्यामुळे रविवारी त्यांच्याकडे जाते. प्रश्नसंच त्या वर्गात अजून चालतो. वयं त्यानंतर कोणी वाढवलेली नाहीत. मुक्ताच्या गणिताचं उत्तर अठरा येतं.